टोपी राहू द्या, जोडे काढा

१८५४ साल. झाशी शहराबाहेरच्या आमराईत तंबू ठोकलेला. आत एक गोरा बॅरिस्टर आणि राणीचे कारभारी यांच्यात घासाघीस चाललेली. संस्थान हातचं गेलं होतं. गंगाधरराव नेवाळकर आदल्या नोव्हेंबरात वारले, त्यांच्या दत्तक मुलाला लॉर्ड डलहौसीनं वारस मानलं नाही आणि झाशी खालसा झाली. कंपनी सरकारकडे दाद मागायची म्हणून राणी लक्ष्मीबाईंनी आग्र्याहून जॉन लँग नावाचा वकील मुद्दाम बोलावून घेतला होता. आणि घासाघीस कशावर, तर राणीच्या महालात शिरताना साहेबानं जोडे काढायचे की नाही.

लँगनं विचारलं, गव्हर्नर जनरलचा एजंट काढतो का? कारभारी म्हणाले, एजंटसाहेबांची आणि बाईसाहेबांची अशी भेट आजवर झालेलीच नाही. लँग अडला. काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या बादशहाची भेट त्यानं जोड्यांपायीच नाकारली होती. मग त्यानं वकिली डाव टाकला: इंग्लंडच्या राणीच्या दरबारात बोडक्यानं जावं लागेल असं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही जाल का? कारभाऱ्यांनी त्याला सरळ उत्तर दिलं नाही. उलट सांगितलं की साहेबांनी टोपी खुशाल डोक्यावर ठेवावी, बाईसाहेबांना त्यात आपला अधिकच मान राखल्यासारखं वाटेल. आता आली का पंचाईत! आपण जोडे काढून एक पायरी उतरलो, तर टोपी ठेवू देऊन राणीनंही एक पायरी उतरावी, असा लँगचा हिशेब होता. टोपीसुद्धा तिच्याच मानाच्या खात्यात जमा होणार असेल तर सौदा जमला कुठे? पण एव्हाना त्याला ह्या घासाघिशीचीच गंमत वाटू लागली होती. तो कबूल झाला. फक्त एक पोटकलम घातलं. हा मान राणीच्या पदाला नाही, ती स्त्री आहे म्हणून आहे, असं समजावं.

भेटीची वेळही अशीतशी नव्हती. ब्राह्मणांनी मुहूर्त काढला होता, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. साहेबाला न्यायला पांढरा हत्ती आला, वर चांदीचा हौदा. पुढे पडद्याआडच्या राणीशी बोलणं झालं. मध्येच राणीच्या दत्तक मुलानं, छोट्या दामोदररावानं, पडदा बाजूला सारला आणि लँगला राणीचं ओझरतं दर्शन घडलं. लगेच त्यानं शिष्टाचाराची तोफ डागली: हे भाग्य लाटसाहेबांच्या वाट्याला आलं असतं, तर त्यांनी झाशी तत्काळ परत केली असती. राणीनं त्याची परतफेड केली, मग ह्यानं, मग तिनं. राज्य गेलंय आणि दोघं एकमेकांना गौरवताहेत.

ही हकिकत लँगनं स्वतःच लिहून ठेवली आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ साप्ताहिकात त्याचे हिंदुस्थानवरचे लेख येत. १८५९ मध्ये ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ हे त्याचं पुस्तक निघालं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा गृहस्थ वकिलीइतकाच लेखणीवर जगला. ‘मोफसिलाइट’ नावाचं वर्तमानपत्र त्यानं १८४५ मध्ये काढलं, त्याच्या रकान्यांत तो कादंबरीची प्रकरणं लिही, साहेबलोकांची टोपी उडवी, आणि बदनामीच्या एका खटल्यात तुरुंगाची हवाही खाऊन आला. लाला जोतीप्रसाद ह्या लष्करी ठेकेदाराला त्यानं १८५१ मध्ये कंपनी सरकारनं भरलेल्या खटल्यातून सोडवलं होतं. त्यामुळे उत्तर हिंदुस्थानात त्याचं नाव झालं होतं. झाशीचा अर्ज मात्र फेटाळला गेला. लँग १८६४ मध्ये मसुरीला वारला; त्याची विसरलेली कबर बरोब्बर शंभर वर्षांनी रस्किन बाँड यांनी शोधून काढली. इतिहासात त्याची आठवण निघते ती राणीला पाहिलेला गोरा म्हणून. कथा लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे जावं ते जोड्यांसाठी.

कारण ह्या प्रसंगात कुणीही विनोद करत नाही. कारभारी थट्टेच्या मनःस्थितीत नाहीत, वकील आपल्या इभ्रतीला जपतोय, ब्राह्मणांनी मुहूर्त मन लावून काढलाय. प्रत्येकाच्या हातात आपापलं नियमांचं पुस्तक आहे आणि सगळी पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकाच दारात, एकाच वेळी उघडली गेली, एवढंच. हसू येतं ते तिथे.

आज मराठीत गोष्ट लिहून लोकांपुढे ठेवायला कुणाच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. बंगळूरच्या ‘प्रतिलिपी’नं २०१४ पासून भारतीय भाषांतल्या लेखकांना मोबाइलवर जागा करून दिली, त्यात मराठीही आली. बसमधून जाता-येता अंगठ्यानं प्रकरण टाइप करावं, रात्री प्रसिद्ध करावं, सकाळी वाचकांनी पुढचा भाग मागावा, असा हा कारखाना आहे. प्रेमकथा, भयकथा, सासू-सुनेच्या मालिका धो धो येतात. विनोदी कथेच्या वाटेला जाणारे थोडे. जे जातात त्यांची तक्रार ठरलेली: भूत सुचतं, खून सुचतो, विनोद सुचत नाही. मग तो शोधायला माणूस फोनच उघडतो आणि व्हॉट्सॲपवर आलेले नवरा-बायकोचे विनोद चाळत बसतो.

तिथे काही मिळणार नाही. त्या विनोदांतला नवरा कुठल्या खात्यात आहे, बायकोचं माहेर कुठलं, भाड्याचं घर आहे की हप्त्यांवरचं, कशाचाच पत्ता नसतो. ती माणसं नसून खुंट्या असतात आणि टाळीचं वाक्य टांगलं की त्यांचं काम संपतं. कथेला अशी माणसं दोन पानंसुद्धा पुरत नाहीत.

कच्चा माल कुठे असतो ते पाहायला पुन्हा झाशीच बरी. १८५८ मध्ये झाशी पडली. तीन वर्षांनी इंग्रजांनी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकलं आणि आपलं ठाणं शेजारीच ‘झाशी नौआबाद’ ह्या नावानं मांडलं. म्हणजे पुढची पंचवीस वर्षं झाशी जिल्हा इंग्रजांचा, त्याचं मुख्य ठाणं झाशी नौआबाद, आणि खुद्द झाशी शहर मात्र झाशी जिल्ह्यात नाही, ते ग्वाल्हेर संस्थानात! १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी त्याच्या बदल्यात झाशी घेतली, तेव्हा कुठे जिल्ह्याला आपलं शहर मिळालं. हा इतिहास ग्रंथांत दोन ओळींत उरकतात. पण त्या पंचवीस वर्षांत तिथे कुणीतरी कोंबडी चोरली असणार आणि हद्द ओलांडून पळाला असणार; कुणाची तरी वरात एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात जेवायला बसली असणार. ती पंगत अजून कुणी लिहिलेली नाही. जागा रिकामी आहे.

हद्दीसारखीच छावणीही विनोदाला फार मानवणारी जागा. सगळं रेषेत, सगळ्याला नंबर, प्रत्येक गोष्टीला रजिस्टर. माणूस मात्र रेषेत मावत नाही. आता समजा, पुण्याहून झाशी छावणीत बदलून आलेले एक सुभेदार आहेत आणि त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. मूर्ती सदर बाजारातून रिक्षानं यायची आहे. फाटकावरच्या जवानाला हुकूम आहे की आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे. तो विचारतो, “कितने लोग?” मागच्या सीटवरून सुभेदारांच्या आई म्हणतात, “आम्ही तिघं आणि गणपती.” जवान लिहितो, चार. “चौथे का पूरा नाम?” आजी थोडा विचार करून सांगतात, “गणपती शंकर.” आडनाव त्यांनाही आठवत नाही. “किसके यहाँ?” सुभेदारांचं नाव. “वापसी?” उद्या संध्याकाळी. सगळे रकाने भरले, रिक्षा आत.

दुसऱ्या दिवशी पहारा बदललेला. विसर्जनाला बाहेर जाताना नव्या जवानानं नोंद केली, चार. तासाभरानं मंडळी परतली. जवान मोजतो, तीन. रजिस्टर जुळत नाही. “चौथा आदमी कहाँ है?” सुभेदार समजावू लागतात, पण रजिस्टरमधला एक माणूस बेपत्ता आहे आणि तो कसा बेपत्ता झाला हे सांगायचं म्हणजे त्याला पाण्यात बुडवून आलो असं म्हणावं लागतं. शेवटी आजीच पुढे होतात: “अरे बाळा, तो आता पुढच्या वर्षी येईल.” जवान शेरा ह्या रकान्यात लिहितो, ‘अगले वर्ष’, आणि फाटक उघडतो.

गोष्ट एवढीच. ती इथे मांडायचं कारण तिच्या रचनेत आहे. जवान मूर्ख नाही. तो आपलं काम चोख करतो आहे, आणि तो मूर्ख वाटला की गोष्ट मेली. आजी विनोदी नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला मोजायचं नाही तर काय करायचं? पहिल्याच प्रश्नाला सुभेदारांनी “मूर्ती आहे हो, माणूस नाही” असं सांगितलं असतं तर व्यवहार सुरळीत झाला असता आणि कथा झाली नसती. ते बोलत नाहीत, कारण आईसमोर गणपतीला वस्तू म्हणायची त्यांची छाती नाही. सगळा डोलारा ह्या एका संकोचावर उभा आहे. नवशिका लेखक इथे घाबरतो. वाचक हसला नाही तर, ह्या भीतीनं तो जवानाच्या तोंडी एखादा चित्रपटातला संवाद घालतो आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावतो. पात्रांनी हसायचं नाही, हे पथ्य ज्याला पाळता आलं त्याचं अर्धं काम झालं.

छावणीनं जगाला एक मोठा विनोदकार दिला आणि तोही महाराष्ट्रातून. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश तोफखान्यात. बालपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनला गेलं. विलायतेत जाऊन त्यानं बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० ‘गून शो’ चालवला. त्यातला मेजर ब्लडनॉक, हिंदुस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेला भित्रा आणि लबाड अधिकारी, हा माणूस काही लंडनच्या स्टुडिओत जन्मलेला नाही. कवायतीच्या मैदानाकडेला उभ्या राहिलेल्या पोरानं असे मेजर डोळे भरून पाहिले असणार, हे त्याच्या लेखनावरून सहज लक्षात येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्वतःच्या शिपाईगिरीवरही त्यानं पुढे आठवणींचे खंड लिहिले. पहिल्याच खंडाच्या नावात हिटलरच्या पाडावात आपला वाटा किती, ह्याची थट्टा आहे.

लँग, मिलिगन ह्यांच्या पंक्तीला बसवावा असा मराठी माणूस झाशीतच होता, फक्त तो विनोदी लेखक म्हणून ओळखला जात नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ च्या मार्चमध्ये हे भिक्षुक उत्तरेला निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. घरावर कर्ज होतं. मुहूर्त पाहून निघालेल्या ह्या माणसाला वाटेत भेटलं ते थेट बंड. दक्षिणा मिळे, लुटारू ती काढून घेत. पुन्हा मिळे, पुन्हा जाई. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. अखेर घरी पोचले ते गंगेची कावड घेऊन. पुढे उतारवयात त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिलं. इंग्रजांच्या धाकानं ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं.

गोडसे भटजींची नजर हिशेबी आहे आणि तीच त्यांची ताकद. झाशी पडल्यावरची लूट सांगताना ते आक्रोश करत बसत नाहीत, लुटीचं वेळापत्रक देतात: आधी रोकड आणि सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, मग धान्य. लुटणाऱ्यांच्या पाळ्यासुद्धा ठरलेल्या. बेबंदशाहीलाही असं शिस्तीचं रूप असावं, हे वाचताना अंगावर काटा येतो आणि ओठाचा कोपरा नकळत हलतोही. हे हसू प्रसन्न नाही. पण विनोदाच्या कुळातलं ते सगळ्यात जुनं हसू आहे.

गंगाधररावांची एक ऐकीव कथाही त्यांनी दिली आहे. महाराज कधीकधी बायकी वेष करीत, हातात बांगड्या भरत. इंग्रज अधिकाऱ्यानं त्याबद्दल विचारलं तेव्हा महाराजांनी सुनावलं की तुम्ही लोकांनी इथल्या सगळ्याच राजांना बांगड्या भरायला लावल्या आहेत, त्यात मी एक. प्रसंग खरा असो-नसो, झाशीच्या बोळांत तो सांगितला जात होता. ज्याचं राज्य नावापुरतं उरलं आहे अशा माणसाच्या हाती उरलेलं हत्यार म्हणजे हे उत्तर. गंगाधररावांना नाटकाचा भारी नाद होता, नाटकशाळा त्यांनी पोसली होती. वाक्य कुठे टाकावं हे त्यांना कळत असणार.

‘माझा प्रवास’चं पुढे जे झालं तेही लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवण्यासारखं आहे. वैद्यांनी छापताना गोडश्यांच्या मजकुरावर आपला हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची संहिता दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली, ती १९६६ मध्ये आली. भटजींचं बोलणं भटजींच्याच तोंडून यायला हवं. भाषा इस्त्रीची झाली की पहिल्यांदा विनोद जातो. आज ऑनलाइन लिहिणारे बहुतेक जण हाच हात स्वतःच्या लेखनावर फिरवतात: घरात एक भाषा, कथेत ‘सदर इसम’छाप दुसरी.

मराठी विनोदाचा संसार उभा राहिला तो अशाच ज्याच्या-त्याच्या धंद्याच्या जोरावर. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात जळगाव-जामोदला वकिली करीत. ‘सुदाम्याचे पोहे’मागच्या त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचं नाव ‘साक्षीदार’. वकिलाला साक्षीदाराइतका विनोदी प्राणी दुसरा कोण भेटणार? त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी ‘बाळकराम’ होऊन लिहू लागले तेव्हा त्यांनी मुलीसाठी वर शोधण्याच्या खटपटीला लष्करी मोहिमेची भाषा दिली, आणि तो लेख शंभर वर्षांनंतरही मुलीच्या बापाला आपला वाटतो. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाचा गंभीर अभ्यास करणाऱ्या ह्या माणसानं चिमणराव आणि गुंड्याभाऊ निर्माण केले. मास्तर विनायकांनी ती जोडी ‘लग्न पहावे करून’ आणि ‘सरकारी पाहुणे’मधून पडद्यावर आणली, पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनी घरोघर पोचवली. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. तो कुणाला हसत नाही. आपल्याच भित्रेपणाचा पंचनामा इतक्या प्रामाणिकपणे करतो की वाचकाला त्याच्यात आपलं तोंड दिसतं.

द. मा. मिरासदार शिक्षकी पेशातले, म्हणून त्यांच्या कथांतल्या शाळा खऱ्या आहेत. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ पासून गाजलं. त्यातला हवालदार आणि कोतवाल ही सत्तेची खालची पायरी, आणि ती पायरी सगळ्या देशात सारखीच असल्यामुळे हेच वगनाट्य ‘सैंया भये कोतवाल’ होऊन हिंदी मुलखातही जोरात चाललं. परदेशातही हेच. पी. जी. वुडहाउस तरुणपणी लंडनला हाँगकाँग बँकेत कारकून होता. तिथे त्याचं मन रमलं नाही, पण बँकेवरची ‘स्मिथ इन द सिटी’ ही कादंबरी हातात पडली. बँकेला त्याचा काही उपयोग झाला असेल-नसेल, त्याला बँकेचा झाला.

तेव्हा आयटीत काम करणाऱ्यानं कोकणातल्या इरसाल म्हाताऱ्यावर विनोदी कथा लिहू नये. तो म्हातारा पु. लं.नी आधीच जिवंत करून ठेवलाय आणि नंतरच्या शेकडो नकलांनी त्याला जेरीस आणलंय. आयटीवाल्याजवळ सोमवारची मीटिंग आहे, जिथे नऊ माणसं एका तक्त्यातल्या रंगावर चाळीस मिनिटं बोलतात. सोसायटीच्या सेक्रेटरीजवळ पार्किंगच्या तक्रारींची फाइल आहे. आरोग्यसेविकेजवळ असे कागद आहेत की जे भरायला लागणारा वेळ इंजेक्शनाहून जास्त. ह्यातलं काही त्यांना लिहिण्याजोगं वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. लँगलाही जोडे रोजचेच होते.

हप्त्याहप्त्यानं लिहिण्याचा एक फायदा जुन्या मासिकवाल्यांनी ओळखला होता. ‘पिक्विक पेपर्स’ १८३६ मध्ये महिन्याला एक अशा अंकांतून निघू लागलं तेव्हा चारशेच्या आसपास प्रती खपत. चौथ्या अंकात डिकन्सनं एका खाणावळीत लोकांचे बूट पुसणारा सॅम वेलर आणला. पात्र बारीक, पण तोंडाळ. वाचकांनी त्याला उचलून धरलं, डिकन्सनं त्याला पिक्विकचा नोकर करून कथेच्या मध्यभागी बसवलं आणि शेवटी शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. वाचक कुठे हसला हे लेखकाला पुढचा भाग लिहिण्याआधी कळलं, त्याची ही किमया.

आज ते रात्रीतून कळतं, आणि तिथेच खड्डाही आहे. एका भागात आत्याबाईंचं एक वाक्य आवडलं की पुढच्या दहा भागांत आत्याबाई तेच वाक्य म्हणत सुटतात. डिकन्सनं सॅमला वाढवलं म्हणजे त्याला बाप दिला, प्रेम दिलं, मालकासाठी तुरुंगात जायची वेळ आणली. प्रतिसादांतून एवढंच घ्यायचं असतं की कुठल्या पात्रात जीव आहे. पुढे त्याला कुठल्या संकटात टाकायचं, ते लेखकानं एकट्यानं ठरवायचं.

राहिला प्रश्न कुणावर हसायचं ह्याचा. गेल्या शतकातल्या मराठी विनोदातला पुष्कळ भाग आज वाचवत नाही. बायकांच्या अंगावर, रंगावर, तोतरेपणावर, जातीवर उभारलेले ते प्रसंग त्या काळी टाळ्या घेऊन गेले आणि आता पान उलटावंसं वाटतं. चिमणराव टिकला. लँगचं लेखनही सगळं टिकाऊ नाही. राणीच्या आवाजावर त्यानं मारलेला शेरा आज कडवट लागतो, आणि त्याच लेखातला टोपी-जोड्यांचा भाग ताजा आहे, कारण तिथे फजिती त्याची स्वतःची आहे. ऑनलाइन लिहिणाऱ्याला आणखी एक व्यवहारी धोका असतो: ज्या साहेबावर कथा बेतली तो साहेब तिसऱ्या दिवशी ती वाचतो. नाव, गाव, खातं बदलावं, दोन साहेबांचा एक करावा. सवयी ठेवाव्यात.

तर विनोदी कथा लिहायची इच्छा असलेल्यांनी आधी ‘माझा प्रवास’ वाचावं, शक्यतो पोतदारांच्या संहितेतलं. मग आठवडाभर आपल्या कचेरीतल्या, सोसायटीतल्या, रेल्वे स्टेशनवरच्या सूचना जशाच्या तशा वहीत उतरवून घ्याव्यात, चुकांसकट. त्यातली एखादी सूचना कुणीतरी शब्दशः पाळायची ठरवली तर काय होईल, इथून पहिलं वाक्य लिहावं. दिवाळी अंकांचे संपादक दर उन्हाळ्यात कथा मागवतात. त्यांच्याकडे भुताच्या पुष्कळ येतात. तुम्ही हसवणारी पाठवा.